थ्रॉटल बॉडी मोठी केली तर पिकअप आणि अ‍ॅव्हरेज वाढते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कापसाचा पैसा हातात आला की डिसेंबरपासून माझ्या फोनवर एकाच तऱ्हेचे निरोप सुरू होतात. व्हिडिओत पाहिले, मोठी थ्रॉटल बॉडी टाकली की गाडी उडते म्हणे, पेट्रोलही कमी खाते म्हणे. आपल्या गाडीत टाकून द्याल का? मी तालुक्याच्या गावी पेट्रोल गाड्यांचे काम बावीस वर्षांपासून करतो. दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा लोकांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच बोलीत इथे घेतले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. भाऊ, थ्रॉटल बॉडी म्हणजे नेमके काय? कार्बोरेटरच का?

कार्बोरेटर हवा आणि पेट्रोल दोन्ही मिसळून देतो. थ्रॉटल बॉडीतून फक्त हवा जाते. बोनेट उघडा, एअर फिल्टरच्या काळ्या डब्यातून जाड पाइप निघालेला दिसेल. तो इंजिनाकडे जिथे संपतो तिथे अ‍ॅल्युमिनियमचा, मुठीएवढा तुकडा बोल्टने आवळलेला असतो. त्याच्या आत गोल भोक आणि भोकात फिरणारी एक चकती. पाय एक्सलेटरवर दाबला की ही चकती तिरपी होत उघडते आणि इंजिन हवा ओढते.

किती हवा आली हे सेन्सर मोजतो आणि त्या हिशोबाने ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, इंजेक्टरमधून पेट्रोल सोडतो. शुद्ध पेट्रोलसाठी हे प्रमाण वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल असे असते. तेव्हा आपला पाय थेट पेट्रोल सोडत नाही, हवेचा दरवाजा उघडतो. पुढची बरीच उत्तरे या एका गोष्टीवर उभी आहेत.

२. मग दरवाजा मोठा केला तं हवा जास्त जाईल ना? पिकअप वाढलाच पाहिजे!

दरवाजातच हवा अडत असेल तरच. ती अडते का, याचा हिशोब कागदावर करून पाहू.

१,१९७ सीसीचे इंजिन घ्या. चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा भरून घेते. म्हणजे ६,००० आरपीएमला (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या) मिनिटाला ३,००० वेळा १.१९७ लिटर, सुमारे ३,५९० लिटर. सेकंदाला साठ लिटर. थ्रॉटल बॉडीचे भोक ५० मिलिमीटरचे धरले तर त्याचे क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर येते आणि त्यातून हवा सेकंदाला तीस मीटरच्या वेगाने जाते. तासाचा हिशोब केला तर ११० किलोमीटर, समृद्धीवर गाडी चालते तेवढा वेग. या वेगाला पूर्ण उघड्या चकतीपाशी दाब घटतो तो साधारण अर्धा टक्का. चकती आणि तिचा दांडा मध्ये येतो तो धरला तरी एक टक्क्याच्या आत.

म्हणजे भोक कितीही मोठे केले तरी मिळवायला शिल्लक आहे तो हा एक टक्का. ८० हॉर्सपॉवरच्या गाडीत पाऊण हॉर्सपॉवर, तीही पाय पूर्ण दाबलेला आणि इंजिन ६,००० वर किंचाळत असताना. ३,००० आरपीएमला हवेचा वेग निम्मा होतो आणि अडथळा चौथा हिस्सा उरतो. आपल्या खेड्यापाड्यांच्या रस्त्यावर ६,००० पर्यंत इंजिन कोण नेतो?

शेतातल्या मोटरचे उदाहरण देतो, ते लगेच पटते. विहिरीवर तीन एचपीची मोटर, पाइप अडीच इंची. शेवटी नुसता कॉक चार इंची लावला तर पाणी वाढते का? मोटर तीच, पाइप तोच. गाडीतही हवा फिल्टर, पाइप, मॅनिफोल्ड (प्रत्येक सिलेंडरला हवा वाटून देणाऱ्या नळ्या), व्हॉल्व्ह अशी वाट काढत जाते आणि खरी चिंचोळी जागा व्हॉल्व्हपाशी असते. कंपनीने थ्रॉटल बॉडीचे माप इंजिनाच्या गरजेपेक्षा थोडे सैलच ठेवलेले असते.

३. माझ्या साळ्याने टाकली. गाडी खरंच उचलते, मी स्वतः चालवून पाहिली. मग तुम्ही म्हणता ते कसे?

तुम्हाला जाणवले ते खोटे नाही. फक्त ती ताकद नाही.

५० मिलिमीटरचे भोक ५५ केले की क्षेत्रफळ २१ टक्के वाढते. चकती तेवढीच फिरली तरी फट मोठी पडते. आधी पाय तीन बोटे दाबल्यावर जेवढी हवा जायची तेवढी आता अडीच बोटांतच जाते. पाय थोडा, गाडी जास्त पुढे. शरीराला वाटते इंजिनात जोर आला. पण पाय पूर्ण दाबला की दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच, कारण तिथे प्रश्न २ मधला एक टक्काच उरतो. उलट, सोयाबीनची पोती भरून कच्च्या पांदणीतून हळू गाडी काढायची असेल तेव्हा अशी गाडी झटके देते, पाय सांभाळता येत नाही.

खरे पाहायचे असेल तर मोकळा, सरळ रस्ता घ्या. तिसरा गिअर, ताशी ४० वरून पाय पूर्ण दाबून ८० पर्यंत जायला किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्याने मोबाईलवर मोजायचे. जाताना तीनदा, येताना तीनदा, माणसे तेवढीच, एसी बंद. पार्ट बदलायच्या आधी आणि नंतर. फरक सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यांत दिसेल, आणि तेवढा फरक तर नुसत्या वाऱ्यानेही पडतो.

४. पिकअप सोडा, अ‍ॅव्हरेज तरी वाढते का?

नाही. हे उत्तर मी सगळ्यात ठामपणे देतो, कारण इथेच लोकांचे पैसे जातात.

सपाट रस्त्यावर ताशी ७० ने गाडी चालवायला इंजिनाला एक ठराविक ताकद लागते. त्या ताकदीला ठराविक हवा लागते, आणि त्या हवेला ठराविक पेट्रोल. या वेळी चकती थोडीशीच उघडी असते. मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेच्या निम्म्याच्या आसपास असतो. म्हणजे आपण स्वतःच हवा अडवून धरलेली आहे, कारण जास्त नकोच आहे. भोक मोठे असेल तर चकती जरा कमी उघडेल. आतला दाब तोच, हवा तीच, पेट्रोल तेच.

मी हे स्वतःच्या गाडीवर करून बसलो आहे. २०११ मध्ये एका मोठ्या शहरातल्या दुकानदाराने लिटरमागे दोन किलोमीटर वाढतील असे छातीठोक सांगितले म्हणून मोठी थ्रॉटल बॉडी आणून बसवली. टाकी फुल ते टाकी फुल अशा तीन टाक्या आधी मोजल्या होत्या, तीन नंतर मोजल्या. पहिल्या टाकीला अ‍ॅव्हरेज उलट घटले, कारण नव्या पिकअपच्या नादात पाय जड झाला होता. पुढच्या दोन टाक्यांत जिथल्या तिथे आले. तो पार्ट अजून रॅकवर आहे. कोणी फार हट्ट धरला की काढून हातात देतो आणि ही हकीगत सांगतो.

५. माझ्या इंजिनाला हवा कमी पडते की नाही, हे घरच्या घरी कळेल का?

कळेल, आणि हा प्रयोग प्रत्येकाने पैसे खर्चण्याआधी करावा. स्टिअरिंगखाली स्कॅनर लावायचे सोळा पिनांचे सॉकेट असते. त्यात बसणारा ब्लूटूथचा ओबीडी तुकडा काहीशे रुपयांत मिळतो आणि मोबाईलच्या अ‍ॅपवर आकडे दाखवतो. तुमच्या गाडीत मॅप सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर असेल, बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत असतो, तर ‘इनटेक मॅनिफोल्ड प्रेशर’ हा आकडा उघडा.

इंजिन बंद, चावी ऑन. दिसेल तो बाहेरच्या हवेचा दाब. आपल्या सपाटीवर तो ९७ किलोपास्कलच्या आसपास असतो. आता गाडी सुरू करा. आयडलला, म्हणजे पाय न लावता इंजिन नुसते चालू असताना, आकडा खाली येईल, तिशीच्या आसपास. मग मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबा आणि आरपीएम वर जात असताना आकडा शेजाऱ्याला वाचायला सांगा. चालवणाऱ्याने रस्त्यावरून नजर काढायची नाही.

समजा ९७ चे ९५ झाले. मधले दोन किलोपास्कल म्हणजे फिल्टर, पाइप आणि थ्रॉटल बॉडी या तिघांनी मिळून अडवलेली हवा, एकूण दोन टक्के. तिघेही काढून फेकले तरी याहून जास्त मिळणार नाही. ९७ चे ९० होत असतील तर मात्र काहीतरी तुंबले आहे. आधी फिल्टर काढून पाहा. दहापैकी नऊ वेळा त्यात तुरीचा भुसा आणि काळी माती निघते. फिल्टर बदलल्यावर आकडा वर आला तर थ्रॉटल बॉडीकडे बघायचीही गरज नाही.

टर्बो गाडीत, म्हणजे जिथे पंखा हवा दाबून इंजिनात भरतो, हा हिशोब लागू होत नाही. त्यासाठी प्रश्न १५ पाहा.

६. मग थ्रॉटल बॉडीला काहीच करायचे नाही का?

करायचे, साफ करायची. नव्या मोठ्या पार्टपेक्षा जुनी स्वच्छ थ्रॉटल बॉडी किती तरी जास्त काम करते.

मागच्या पावसाळ्यात एक गाडी आली, ७८ हजार किलोमीटर चाललेली. सिग्नल तर आमच्या गावात नाही, पण रेल्वे फाटकावर उभी राहिली की बंद पडायची. एसी लावला की थरथरायची. मालकाला कोणीतरी नवीन थ्रॉटल बॉडीचा भाव सांगून घाबरवले होते. पाइप सोडवून टॉर्च मारला. वरून चकती ठीक दिसत होती. बोटाने ढकलून मागची बाजू पाहिली तर जिथे चकतीची कड भोकाला टेकते तिथे काजळीचे काळे, चिकट कडे जमलेले. नखाने ओरखडा काढला तर काजळ नखात भरले. जुन्या चुलीच्या धुराड्यातून खरवडून निघते तसे. पांढऱ्या फडक्याची चार टोके काळी झाली तेव्हा कुठे खालचा धातू दिसला. चाळीस मिनिटांचे काम. गाडी त्याच संध्याकाळी फाटकावर उभी राहिली, एसी लावून, शांत.

असे का होते? आयडलला चकती केसभर उघडी असते. इंजिनाच्या पोटातली तेलाची वाफ ब्रीदरच्या नळीने परत इथेच येते, तिच्यावर बारीक धूळ बसते आणि त्या केसभर फटीत थर जमतो. पाय दाबल्यावर फट मोठी असते म्हणून तेव्हा जाणवत नाही. त्रास होतो तो उभ्या गाडीत, हळू चालताना आणि सकाळी पहिल्या स्टार्टला.

याने अ‍ॅव्हरेज वाढेल का, हेही विचारतात. थोडे, तेही आयडल बिघडलेले असेल तर. मी कोणाला आकडा कबूल करत नाही.

७. साफसफाई स्वतः करता येते का? काय काळजी घ्यायची?

हात स्वच्छ आणि धीर असेल तर येते. आधी बॅटरीची मायनस काढा. हे टाळू नका: चावी ऑन असताना इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची मोटर अचानक चकती फिरवते आणि बोट सापडले तर नीट जखम करते.

क्लॅम्प ढिला करून पाइप काढा. स्क्रू आत पडू देऊ नका. इंजिनात गेला तर काम लाखात जाते. थ्रॉटल बॉडी क्लीनरचाच डबा घ्या. तो फडक्यावर मारा आणि फडक्याने पुसा. थेट भोकात फवारा मारला की पातळ झालेली घाण दांड्याच्या बेअरिंगमध्ये आणि सेन्सरकडे उतरते. पॉलिश पेपर, स्क्रूड्रायव्हर, तारेचा ब्रश यांना हात लावायचा नाही. काही थ्रॉटल बॉडींना आत करड्या रंगाचा लेप कंपनीनेच दिलेला असतो. तो घाण समजून घासला की कडेने हवा गळते आणि आयडल कायमचे बिघडते. पेट्रोलने धुऊ नका. गरम इंजिनावर तर नाहीच नाही.

पूर्ण काढून धुवायची असेल तर मागचे गॅस्केट तपासा. सुकून चपटे झाले असेल तर नवीन टाका, नाहीतर फटीतून बिनमोजलेली हवा आत जाते.

८. साफ केल्यापासून गाडी जास्तच रेस होते. बिघडवली का?

बिघडली नाही. काजळी जमत गेली तशी ईसीयू चकती जराजरा जास्त उघडी ठेवायला शिकला होता. आता काजळी गेली, पण त्याची सवय तीच. म्हणून हवा जास्त जाते आणि आयडल हजार-बाराशेवर राहते. कधी चेक लाईट लागून पी ०५०७ हा कोडही येतो. त्याचा अर्थ आयडल अपेक्षेपेक्षा जास्त आहे, एवढाच.

चावी ऑन करून अर्धा मिनिट थांबा, मग पाय न लावता गाडी सुरू करा, गरम होऊ द्या, दहा मिनिटे एसी बंद आणि पाच मिनिटे चालू ठेवा. पुष्कळ गाड्या एवढ्याने जागेवर येतात. काहींना स्कॅनरवरूनच ‘थ्रॉटल लर्निंग’ करावे लागते. दोन दिवसांनीही खाली आले नाही तर पाइप नीट बसला नाही किंवा गॅस्केट गळते आहे असे समजा.

९. किती किलोमीटरला साफ करायची?

डांबरी रस्त्यावरच चालणारी गाडी असेल तर ४० हजारांना. रोज शेतात, जिनिंगवर, मुरमाच्या रस्त्यावर जात असेल तर २५-३० हजारांना पाइप काढून एकदा पाहावी. घाण नसेल तर हात लावू नये. हा माझा अनुभव आहे, कंपनीचा नियम नाही.

एअर फिल्टर मात्र आपल्याकडे पुस्तकात लिहिलेल्या अर्ध्या अंतरावर पाहायलाच हवा. कापसाच्या हंगामात सरकीची लव फिल्टरच्या घड्यांवर गादीसारखी बसते. फिल्टर झटकून परत टाकण्यापेक्षा बदला. फुंकर मारायचीच तर हवा आतून बाहेर, आणि कमी दाबाने.

१०. आपली बोलेरो डिझेल आहे. तिला मोठी टाकता येईल का? अन् ट्रॅक्टरले?

डिझेल इंजिनात ताकद कमी-जास्त होते ती डिझेलच्या मात्रेने; हवा ते नेहमी पोटभर घेते. त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही. नव्या डिझेल गाड्यांत थ्रॉटलसारखी दिसणारी चकती असते, पण ती ईजीआरचा, म्हणजे सायलेन्सरकडून परत फिरवलेला धूर आत ओढण्यासाठी आणि गाडी बंद करताना झटका बसू नये म्हणून असते. तिच्यावर काजळी पेट्रोलपेक्षा जाड जमते, साफसफाई तिलाही लागते. ट्रॅक्टरला फक्त एअर फिल्टर सांभाळा. ऑइलबाथ असेल तर वाटीतले तेल बदला.

११. मे महिन्यात गाडी दमच देत नाही. तेव्हा तरी मोठ्या थ्रॉटलचा फायदा होईल?

नाही, कारण तेव्हा हवाच पातळ असते. जानेवारीतल्या १२ अंशांच्या पहाटेशी तुलना केली तर ४५ अंशांच्या दुपारी तेवढ्याच जागेत सुमारे दहा टक्के कमी हवा मावते. त्यात एसीचा भार. शिवाय तापलेल्या इंजिनात खडखड होऊ नये म्हणून ईसीयू ठिणगीची वेळ मागे घेतो, त्यात आणखी ताकद जाते. चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हात हे प्रत्येक पेट्रोल गाडीला होते.

इथे एक गोष्ट खरी उपयोगाची आहे. फिल्टरच्या डब्याचे नाक बोनेटच्या पुढच्या बाजूने बाहेरची हवा घेते ना, ते पाहा. कित्येक गाड्यांत ती नळी निखळलेली किंवा उंदराने कुरतडलेली असते आणि इंजिन रेडिएटरमागची तापलेली हवा ओढत राहते.

परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढतानाचेही असेच. चिखलदरा १,१०० मीटरच्या आसपास आहे. अमरावतीच्या सपाटीपेक्षा तिथे हवेचा दाब साधारण नऊ टक्क्यांनी कमी. गाडी बिघडलेली नसते. गिअर एक खाली घ्या आणि चढा.

१२. ई-२० पेट्रोल आल्यापासून अ‍ॅव्हरेज उतरले. थ्रॉटल बदलून भरून निघेल का?

इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश उष्णता कमी असते. वीस टक्के इथेनॉल म्हणजे लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के आणि ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांसाठी एक ते दोन टक्के घट धरली आहे. इंधनातच जे कमी आहे ते हवेच्या दरवाजाने भरून येणार नाही. घट पंधरा-वीस टक्के दिसत असेल तर दोष दुसरीकडे आहे: ऑक्सिजन सेन्सर, प्लग, घासणारा ब्रेक. गाडी दाखवा.

१३. सीएनजीवर गाडी मरगळते. थ्रॉटल मोठी केली तर?

सिलेंडरमध्ये जाणाऱ्या मिश्रणात साडेनऊ टक्के जागा गॅसच व्यापतो, तेवढी हवा कमी भरते. मरगळ तिथली आहे. सीएनजी गाडीत मी प्लगची फट आणि फिल्टर आधी पाहतो, कारण गॅसला ठिणगी जोरकस लागते.

१४. स्पेसर, एक्सलेटरचा डबा, पेट्रोलच्या नळीला लावायचे चुंबक, यांचे काय?

स्पेसर म्हणजे थ्रॉटल बॉडी आणि मॅनिफोल्डच्या मध्ये टाकायची जाड रिंग. हवेला पीळ देते म्हणतात. इंजेक्टर पार व्हॉल्व्हजवळ असतो, तिथपर्यंत तो पीळ राहत नाही. फायदा शून्य, गळतीचे सांधे मात्र एकाचे दोन.

एक्सलेटरला लावायचा इलेक्ट्रॉनिक डबा प्रश्न ३ मधलीच गोष्ट करतो, भोक न वाढवता: तुम्ही वीस टक्के दाबले तर ईसीयूला चाळीस सांगतो. आवडत असेल तर तो निदान काढता तरी येतो.

चुंबकाला पैसे देऊ नका.

१५. मग ही मोठी थ्रॉटल बॉडी बनवतातच कशाला? कोणाला तरी फायदा होत असेलच ना?

होतो. ज्याचे इंजिनच बदलले आहे त्याला. व्हॉल्व्ह जास्त उघडणारा कॅमशाफ्ट, हेडमधल्या हवेच्या वाटा (पोर्ट) मोठ्या केलेल्या, सीसी वाढवलेली, मोकळा एक्झॉस्ट, आणि ८,००० आरपीएमपर्यंत फिरवायचे ठरवलेले इंजिन. तिथे हवेची गरज दीडपट होते आणि जुने भोक खरोखर अडवू लागते. प्रश्न ५ च्या प्रयोगात वरच्या आरपीएमला दाब पाच-सात किलोपास्कल पडतो, फिल्टर नवा असूनही. शर्यतीच्या गाड्यांत हे रोजचे आहे. पण तिथे थ्रॉटल बॉडी शेवटी येते, आणि सोबत ईसीयूचे ट्यूनिंग येतेच.

टर्बो पेट्रोलचे वेगळे आहे. तिथे थ्रॉटल टर्बोच्या पुढे बसते आणि किती दाब द्यायचा हे ईसीयू ठरवतो. भोक मोठे केले तर तो टर्बो थोडा कमी फिरवून तेवढाच टॉर्क देईल. मूळ ट्यूनिंगवर काही हाती लागत नाही.

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मोठा कार्बोरेटर टाकायचा विचार असेल तर जेटचे, म्हणजे पेट्रोल येते त्या बारीक भोकाचे माप जुळवावे लागते. नाही जुळवले तर गाडी पेट्रोल पिते आणि प्लग काळे करते.

१६. दुसऱ्या मॉडेलची मोठी थ्रॉटल बॉडी भंगारात स्वस्त मिळते. बोल्ट बसतात. टाकू का?

बोल्ट बसले म्हणजे गाडीने मानले असे नाही. चकतीच्या कोनाचे दोन सेन्सर एकमेकांशी ठराविक प्रमाणात व्होल्टेज देतात. ते जुळले नाही की पी २१३५ कोड येतो आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे पाय कितीही दाबा, बैलगाडीच्या चालीने चालते. रात्री आर्णी-माहूर रस्त्यावर लेकराबाळांसह अशी गाडी अडकली तर काय, एवढा विचार करा. शिवाय ईसीयूच्या हिशोबात कोन किती तर हवा किती हा तक्ता जुन्या भोकाचा असतो; आयडल कधी स्थिर होत नाही.

१७. मिस्त्री म्हणते थ्रॉटल बॉडी गेली, नवीनच टाका. खरे असेल का?

असू शकते. आतले प्लॅस्टिकचे दात झिजतात, मोटर जाते. पण बदलण्याआधी तीन गोष्टी करवून घ्या. बॅटरीचे व्होल्टेज पाहा, कारण कमजोर बॅटरीनेही हेच कोड येतात. सॉकेट काढून पिना पाहा, हिरवट झाल्या असतील तर साफ करा. आणि वायरिंग शेवटपर्यंत बोटांनी चाचपून पाहा. गोठ्याशेजारी, कापसाच्या गंजीजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर वायर कुरतडतात. वरून टेप शाबूत दिसतो, आत तांबे तुटलेले. मी नव्या थ्रॉटल बॉडीचे ठरलेले काम अशा एका वायरीवर संपवलेले आहे. बदलायचीच ठरली तर मूळ मापाचीच, कंपनीचीच घ्या.

१८. पासिंग, पीयूसी, इन्शुरन्समध्ये अडचण येते का?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या आणि कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. बेकायदा बदलाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हींची तरतूद आहे. वॉरंटीतल्या गाडीला तर हात लावूच नका. उद्या इंजिनाचे काम निघाले की कंपनी आधी याच पार्टकडे बोट दाखवेल. इन्शुरन्स कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी वाद उभा करतो.

पीयूसीमध्ये बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल गाडीला आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत लागतो. मूळ मापाची स्वच्छ थ्रॉटल बॉडी असेल तर त्यात कधी अडचण येत नाही.

१९. बाइकलाही आता थ्रॉटल बॉडी असते म्हणे. तिचे काय?

एप्रिल २०२० च्या बीएस-६ नंतर बहुतेक बाइकांना इंजेक्शन आणि थ्रॉटल बॉडी आली. शंभर सीसीच्या बाइकला मोठी टाकून काही मिळत नाही, वरची उत्तरे तशीच लागू. हळू चालवताना बंद पडत असेल तर साफ करा. भोक लहान असल्याने थोड्या घाणीनेही फरक पडतो.

२०. अ‍ॅव्हरेज मोजायचे कसे? माझे प्रत्येक वेळी वेगळे येते.

काटा किंवा स्क्रीनवर विसंबू नका. एकाच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर, पहिल्या कटला (पंपाची नळी आपोआप बंद होते तिथे) थांबवून टाकी भरा. ट्रिप मीटर शून्य करा. कमीत कमी तीनशे किलोमीटर चालवून पुन्हा तसेच भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. तीन वेळा करा.

रस्ताही लिहून ठेवा. कारंज्याहून समृद्धीवर चढून १२० ने नागपूरला गेलात आणि पुढच्या टाकीला ९० ने गेलात तर दोन आकडे सारखे येणारच नाहीत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० च्या तुलनेत १२० ला तो पावणेदोन पटीहून जास्त असतो. तिथे पाय जरा सैल सोडला तर जो फरक पडतो तो मी अजून कोणत्याही पार्टने पाडून दाखवू शकलेलो नाही. निघण्याआधी टायरची हवा दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा, सकाळी, टायर थंड असताना.